दोन्ही भाषांत सांगायचं

९ जून

धाकटे,

आई नीट पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. गाडीत बसवून देताना त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. मुंगीला जवळ घेऊन तुमच्या भाषेत काहीतरी सांगत राहिल्या, मग गाडी हलली. त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुझी ताई आणि आई काय बोलतात ते मला कधी कळलं नाही, आणि त्याचं कधी काही वाटलंही नाही. ताई माझ्याशी माझ्या भाषेत बोलायची, लेकीशी स्वतःच्या. घरात दोन रेडिओ एकदम चालू असावेत तसं. आता ताईला जाऊन सहा महिने होत आले, आणि आईही परत गेल्या. घर एकदम गप्प झालंय.

तुला राग आला असेल, की सहा महिने नातीचं सगळं केलेल्या बाईला यानं परत पाठवलं. पण माझ्याही बाजूनं बघ. मुंगीला बालवाडीत घातलं. दवाखान्याच्या खालचा लांबडा हॉल आहे. गुडघ्याएवढी बेसिनं, भिंतीला खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र. मुंगीची छत्री आहे. बाई चांगल्या आहेत, मुलांवर आवाज चढवत नाहीत. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "ही बोलते खूप, पण कोणाला काही कळत नाही. घरी कुठली भाषा?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकच ठेवा. दोन्हीकडून बोललं की मूल गोंधळतं. पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत कोण समजून घेणार हिला?"

आता ज्या रोज अशा पंचवीस मुलांना सांभाळतात, त्यांचं ऐकायचं नाही तर कोणाचं? म्हणून ठरवलं, वर्षभर घरात फक्त माझी भाषा. आईंना ते जमणार नव्हतं आणि त्यांना गप्प बसवणं मला जमणार नव्हतं.

मुंगी ठीक आहे. जेवते, झोपते. आईंच्या गुडघ्यांना कसं आहे?

तुझा दाजी


२१ जून

दाजी, नमस्कार.

आईचे गुडघे होते तसेच आहेत. तिला राग आलेला नाही, आणि तेच मला बरं वाटत नाही. रागावली की आई भांडी आपटते, मग मोकळी होते. या वेळी आल्यापासून नुसती खिडकीशी बसून असते. गाडीत मुंगीला काय सांगितलंस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "नाक पुसायला बाबाची बाही वापर, माझा पदर आता नाही." तेवढंच होतं. तुम्हाला वाटलं असेल, तुमच्या चुगल्या चालल्यात.

बाईंचं मला पटत नाही, पण मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी, मी कोण सांगणार. एवढंच सांगते, की मीही लहानपणी घरी एक आणि शाळेत एक बोलले. गोंधळले असेन तर तुम्हीच सांगा. तुमच्या भाषेत तुमच्याशी भांडण्याइतकी तर शिकले. ताई म्हणायची, तुम्ही आमची भाषा बोलायला गेलात की म्हशीही माना वळवून बघतात. सासरी पहिल्यांदा आलात तेव्हा आईला "बसा" म्हणायला गेलात आणि "उकळा" म्हणालात. आई अजून हसते. म्हणजे हसायची.

आईला फोनवर नुसती खरखर ऐकू येते हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून ती सांगते आणि मी लिहिते. खाली मुंगीसाठी चार ओळी आहेत. भाषा आमची, पण अक्षरं तुमची. अर्थ कळला नाही तरी जसं लिहिलंय तसं वाचा, तिला कळेल. वर्षभर एकच भाषा हे कबूल, पण पत्रातल्या चार ओळींनी काय बिघडणार आहे?

ती काय म्हणाली ते मला कळवा. आई रोज विचारते.

तुमची
धाकटी


१४ जुलै

धाकटे,

उशीर झाला, राग मानू नकोस. दोन इमारतींच्या लिफ्ट एकाच आठवड्यात बंद पडल्या आणि साहेबांना दोन्हीकडे मीच हवा.

आईंचा निरोप पोचला. त्यांना माझा नमस्कार सांग.

मुंगी आता माझ्या भाषेत पुरी वाक्यं बोलते. बाई खूश आहेत. आधी म्हणे कोपऱ्यात ठोकळे घेऊन बसायची, आता गाण्यात टाळ्या वाजवते. बोलणं अजून थोडं उलटसुलट आहे. झोप आली की म्हणते, "झोप माझ्या मागे लागलीय." परवा वर्गात म्हणाली, "घर मला हाक मारतंय." बाईंनी समजावलं, घर हाक मारत नाही, "मला घरी जायचंय" असं म्हणावं. लगेच तसं म्हणाली. हुशार आहे, एकदा सांगितलं की पुन्हा चूक नाही.

एकच आहे. सुटायच्या वेळी ती फाटकाच्या गजांना धरून उभी राहते आणि मी गेलो तरी लगेच निघत नाही. माझ्या मागे रस्त्यावर बघत राहते. बाई म्हणाल्या, पोरं असं करतात, सवय होईल.

मागे तू फोन केलास तेव्हा ती झोपली होती. नंतर करायचा राहून गेला.

दाजी


२ ऑगस्ट

दाजी,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. "घर मला हाक मारतंय" ऐकून ती उठून आत गेली. ती चूक नव्हती हो. आमच्यात आठवण आली की असंच म्हणतात. पोरगी तुमच्या भाषेत तेच सांगायला बघत होती. तिला घरी जायचं नव्हतं, तिला आठवण येत होती. बाईंनी तिला दुसरंच वाक्य शिकवलं.

तुम्ही लिहिता निरोप पोचला. पोचला म्हणजे तुम्हाला पोचला की तिला? ती काय म्हणाली ते तुम्ही लिहिलं नाहीत. आणि संध्याकाळी सातला कोणतं मूल झोपलेलं असतं? चार वेळा फोन केला, चारही वेळा झोपलेली.

रागावू नका, पण एक विचारते. बाईंनी सांगितलं म्हणून तुम्ही घरात आमची भाषा बंद केलीत हे खरं असेल. पण मुंगीचा आवाज ताईवर गेलाय. आमच्या भाषेत बोलते तेव्हा डोळे मिटून ऐकलं तर ताईच. मला स्वतःला ते दोन मिनिटांवर ऐकवत नाही. तुमचं काय होत असेल? याचं उत्तर लिहिलं नाहीत तरी चालेल.

आईचे पाय जरा सुजतात. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं. जमलं तर मुंगीला चार दिवस घेऊन या. घाई नाही.

आईच्या ओळी पुन्हा खाली लिहिल्यात. या वेळी छोट्या आहेत, ती दमते.

धाकटी


३० ऑगस्ट

धाकटे,

हे फोनवर बोलता येणार नाही म्हणून लिहितोय. आधी सांगतो, मुंगी सुखरूप आहे, माझ्या शेजारी झोपली आहे.

मंगळवारी दुपारी मी एका लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो, फोन वर पेटीत. वर आलो तर बालवाडीचे फोनवर फोन. सुटायच्या गर्दीत मुंगी दुसऱ्या एका घरच्या पोरांबरोबर फाटकाबाहेर पडली होती. मी पोचलो तेव्हा बाई रस्त्यात उभ्या होत्या, एका पायात चप्पल नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून विचारत होत्या. आम्ही दोघांनी आजूबाजूच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मग मला फोन आला. दोन रस्ते पलीकडे ज्या हॉस्पिटलात ताईला ठेवलं होतं आणि मुंगी आजीबरोबर रोज जायची, तिथल्या लिफ्टचं काम माझ्याचकडे असतं, तिथला वॉचमन मला ओळखतो. म्हणाला, "तुमची पोरगी तिसऱ्या मजल्यावर बसलीय."

बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. हातात बिस्किट, पाय खाली लोंबताहेत. नर्स म्हणाली, "ही विचारतेय, माझी आई बरी झाली का. आम्ही सगळ्या खाटा बघितल्या हो."

मी विचारलं, "एकटी कशी आलीस?"

"तू म्हणतोस ना, आई इथे आहे."

"मग? भेटली?" मी असं का विचारलं, मला माहीत नाही.

ती म्हणाली, "या म्हणतात, नाही. बाबा, तू विचार ना. तुझी इथे ओळख आहे."

नर्स माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, उद्या विचारू. आणि तिला उचलून जिन्यानं खाली आलो. लिफ्टसाठी थांबायचा धीर नव्हता.

धाकटे, ताई गेली तेव्हा मी मुंगीला सांगितलं होतं, की आई हॉस्पिटलात आहे, बरी झाली की येईल. एवढ्याशा पोराला आणखी काय सांगणार? बाईंनाही मी तसंच सांगायला लावलं होतं. फाटकाशी ती कोणाची वाट बघत होती ते आता कळलं. आईंच्या ओळी मी तिला वाचून दाखवलेल्या नाहीत. एकदाही नाही. कपाटात आहेत.

बाई काल घरी आल्या. म्हणाल्या, "ती माझ्याशी धड बोलते म्हणून मी खूश होते. तिला काय सांगायचंय हे विचारलंच नाही." त्यांच्याकडे आणखी पाच-सहा मुलं आहेत ज्यांच्या घरी दुसरंच काही बोलतात, आणि सगळ्यांच्या आईबापांना त्यांनी हाच सल्ला दिलाय. त्यांनी विचारलंय, तुमच्या भाषेत "दुखतंय", "भीती वाटते", "आठवण येते", "मी इथेच आहे" हे कसं म्हणतात ते तू लिहून पाठवशील का.

दाजी


८ सप्टेंबर

दाजी,

पत्र दुकानात वाचलं आणि तिथेच लिहायला बसले, अक्षर समजून घ्या.

मुंगीला ठाऊक आहे. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ताई गेली त्या दुपारी तुम्ही हॉस्पिटलात सह्या करत फिरत होता, तेव्हा आईनं तिला मांडीवर घेतलं आणि सरळ सांगितलं. मी दारात उभी होते. ती म्हणाली, "तुझी आई मेली. ती आता कुठेच नाही, म्हणून ती येणार नाही. तू पुन्हा विचारलंस तर मी पुन्हा सांगेन." आमच्यात या गोष्टीला दुसरा मऊ शब्द नाही. आणि ती विचारायची. अंघोळ घालताना, वेणी घालताना, मध्येच उठून. आईनं एकदाही टाळलं नाही. तुमच्यासमोरच चालायचं सगळं, तुम्हाला वाटायचं गोष्टी सांगतेय.

म्हणजे तुमच्या घरात एकाच ताईच्या दोन भाषांत दोन ताई झाल्या. आमच्या भाषेत ती मेलेली, तुमच्या भाषेत ती बरी होणारी. आणि मग तुम्ही आमची बंद केलीत. पोरीनं काय करायचं? मी तुम्हाला दोष देत नाही. आईनं मुंगीला काय सांगितलं ते मी तुम्हाला कळवायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हीही तेच सांगितलं असेल.

ती हॉस्पिटलात का गेली हे मला नाही सांगता येत. दोघांतलं कोण खरं ते बघायला गेली असेल.

बाईंचे शब्द वेगळ्या कागदावर दिलेत, मोठ्या अक्षरात. "मी इथेच आहे" म्हणताना आमच्यात हात मुलाच्या पाठीवर ठेवतात. नुसते शब्द म्हटले तर ते वॉचमननं म्हटल्यासारखं वाटतं.

आता माझंही ऐका. घाई नाही असं मी लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. आईच्या पायांची सूज पोटापर्यंत आलीय. तुम्ही या. मुंगीला घेऊन या. येताना गाडीत तिच्याशी काहीही बोला, पण तिला आमच्या भाषेत बोलू द्या, म्हणजे आईपुढे येईपर्यंत तिची जीभ सैल होईल.

धाकटी


२७ सप्टेंबर

धाकटे,

आमची दोघांची तिकिटं काढलेली होती, निघायला दोन दिवस होते. आई गेल्याचा तुझा फोन आला आणि मुंगीला बाईंच्या घरी ठेवून मी एकटाच निघालो, ते तू पाहिलंसच. तिथे तुझ्याशी दोन शब्द बोलता आले नाहीत, माणसं होती. आता लिहितो.

आईंना शेवटपर्यंत तिचा आवाज ऐकता आला नाही. ते माझ्यामुळे. यावर जास्त लिहीत नाही, लिहून काही होणार नाही.

मुंगीला अजून सांगितलेलं नाही. मागे तिनं विचारलं होतं, आजी कधी येणार, तर मी म्हणालो होतो, पुढच्या महिन्यात. तो महिना आता संपतोय. परत आलो तेव्हा तिनं माझ्या पिशवीत हात घालून बघितलं, आजीनं काय पाठवलंय ते.

माझी एक विनंती आहे. आईंनी ताईचं जसं सांगितलं, त्याच शब्दांत, तुमच्या भाषेत, आईंबद्दल लिहून पाठव. मी पाठ करेन, हवं तर आरशासमोर बसून. माझा उच्चार म्हशींना ऐकवण्यालायक आहे हे माहीत आहे. पण या गोष्टी तिला त्याच भाषेत कळतात, तर मी त्याच भाषेत सांगतो. माझ्या भाषेत मी तिला फक्त खोटं सांगितलंय.

बाईंनी तुझे शब्द वर्गात लावले. मुंगीचेच नाही, बाकी मुलांच्या घरचेही मागवले. शनिवारी एकेका मुलाच्या घरचं कोणीतरी येऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगतं. परवा एक आजोबा येऊन गेले. कोणालाही एक शब्द कळला नाही आणि सगळी पोरं पोट धरून हसली. मुंगीच्या वतीनं कोण येणार, असं बाईंनी मला विचारलं नाही.

दाजी


३ ऑक्टोबर

दाजी,

मी लिहून पाठवत नाहीये. तुमच्याकडे पाठ करायला काही नाही.

नीट विचार करा. आमच्या भाषेत मुंगीला सगळं ठाऊक आहे. तिला खरं सांगणारं माणूस त्या भाषेत होतं. तुमच्या भाषेत तिला हे अजून कोणीच सांगितलेलं नाही. तिथे तिची आई तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आजी पुढच्या महिन्यात येणार आहे. मी लिहिलेलं तुम्ही पोपटासारखं म्हणालात तर तिला वाटेल, हे आजीच्या भाषेतलं झालं, बाबाच्या भाषेत अजून आशा आहे. ते दार तुम्हीच बंद करायला हवं. माझ्यानं होणार नाही.

आणि तुम्हाला तरी तुमच्या भाषेत कोणी सांगितलं, दाजी? ताई गेल्यावर चौथ्या दिवशी तुम्ही कामावर गेलात. तुमच्या तोंडून "ती मेली" हे मी अजून ऐकलेलं नाही. पत्रातही तुम्ही "गेली" लिहिता, "जाऊन सहा महिने" लिहिता. जशी काही परत यायला निघालीय.

आधी ताईचं सांगा, मग आईचं. दोन्ही एकदम नको, पण एकाच बैठकीत. ती विचारेल तितक्या वेळा सांगा.

मी इथलं आवरतेय. चष्म्याच्या दुकानात महिन्याची सुट्टी मागितली आहे. शनिवारच्या गोष्टीला कोणी नाही असं बाईंना वाटू देऊ नका.

धाकटी


१२ ऑक्टोबर

धाकटे,

सांगितलं.

रविवारी सकाळी. आम्ही खालच्या पायरीवर बसलो होतो, ती बुटाचा पट्टा लावत होती. मी म्हणालो, "मुंगे, आई हॉस्पिटलात नाही. आई मेली. मी तुला खोटं सांगितलं होतं." माझ्या भाषेत हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. तू म्हणालीस ते खरं आहे, मलाही तो तेव्हाच ऐकू आला. ती पट्ट्याशी खटपट करत होती, तो काही लागत नव्हता. मग आजीचं सांगितलं. आजी खूप आजारी होती, आणि तीही मेली, आणि मी तिला भेटायला गेलो होतो तेव्हा तुला नेलं नाही.

ती रडली नाही. मीच रडलो. शेजारचा माणूस दुधाची पिशवी घेऊन चालला होता, तो जिन्यातून परत वर गेला.

मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. तुमच्या भाषेत. जूननंतर पहिल्यांदाच. तुझं खरं आहे, आवाज ताईचाच आहे. मी डोळे मिटले नाहीत. तिला म्हटलं, "मला नाही कळलं, पुन्हा सांग." तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग माझ्या भाषेत म्हणाली, "आता भूक लागली," आणि आम्ही आत गेलो.

रात्री विचारलं, सकाळी काय म्हणाली होतीस, तर विसरले म्हणते. मला वाटत नाही ती विसरली. मी ऐकलं तसं अक्षर न् अक्षर त्याच वेळी लिहून ठेवलं होतं, ती चिठ्ठी सोबत आहे. तू येण्याआधी मला अर्थ कळव. मला थांबवत नाही.

आईंच्या ओळी आज वाचून दाखवल्या. "उकळा"सारखं काहीतरी मी पुन्हा म्हणालो असणार, कारण ती हसून खाली पडली. मग तिनं मला तीच ओळ नीट म्हणायला लावली, तीनदा.

दाजी


१७ ऑक्टोबर

दाजी,

मी रविवारी निघते. तिला आजच सांगून ठेवा, आणि या वेळी तारीख खरी आहे हेही सांगा.

चिठ्ठीत तुम्ही आमच्या शब्दांचा पार चुराडा केलाय, पण मोठ्यानं वाचल्यावर कळलं. दोन छोटी वाक्यं आहेत.

पहिलं, "तुला आजीनं सांगितलं का?"

दुसरं, "मी तुला सांगणार नव्हते."

तुमची
धाकटी